चेंडूमाळावरची मेंढरं

गोल्फ हा साहेबांचा खेळ आहे आणि साहेबांच्या खेळाला गरिबाची जमीन, गरिबाचं पाणी आणि गरिबाचे हात लागतात, हे मी तरुणपणी पत्रकांत छापलं. आज म्हातारपणीही त्यातला एक शब्द मागं घेत नाही. मात्र आमच्या घरची चूल त्याच खेळावर पेटत होती. दोन्ही गोष्टी खऱ्या. पत्रकात एकच गोष्ट मावते, म्हणून दुसरीसाठी हे प्रकरण.

कन्हेरीच्या बाजूला, कालवा माळाला वळसा घालून पुढं इंदापुराकडं निघतो तिथं, एक लांबट उताराची जमीन होती. कागदोपत्री तिला भलंमोठं इंग्रजी नाव होतं. आमच्या लेखी तो चेंडूमाळ. कालवा खणायला आलेल्या गोऱ्या इंजिनिअरांपैकी एकानं तो आखला. तो म्हणे समुद्राकाठच्या मुलखातला होता, आणि त्याच्याकडंही मेंढरांनी कुरतडलेल्या गवतावरच हा खेळ जन्मला होता. माझा आजा तेव्हा या माळावर कळप राखत असे. साहेबानं आल्या आल्या मोजणीची साखळी टाकली नाही. एक अख्खा हिवाळा तो खिशात खुंट्या घेऊन आज्याच्या मेंढरांमागून चालला. मेंढरं जिथून पाण्याला उतरायची, तिथून त्यानं चेंडू मारायची वाट काढली. वारा लागू नये म्हणून ती ज्या खड्ड्यांत अंग टाकायची, त्या खड्ड्यांत कऱ्हेची वाळू भरून त्यानं चेंडू अडकवायचे सापळे केले. कालव्यातून निघालेल्या मातीचे ढीग तसेच ठेवले आणि त्यांच्याआड चेंडू पाडायच्या खळग्या लपवल्या, म्हणजे मारणाऱ्याला खळगी दिसू नये, नुसतं निशाण दिसावं. अशा नऊ खळग्या. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, ही हकिगत सांगताना मिशीवरनं हात फिरवत म्हणायचे, "साहेबानं काय केलं? निस्त्या खुंट्या मारल्या. माळ आखला आमच्या मेंढरांनी."

हिरवळ इथं जगणार नाही हे त्या पहिल्या साहेबाला समजत होतं. म्हणून खळगीभोवती गवत नव्हतंच. चाळलेली वाळू आणि बारीक मुरूम, त्यावर इंजिनातलं जळकं तेल ओतून, रूळ फिरवून केलेलं काळपट गोल अंगण. साहेब त्याला 'ब्राउन' म्हणत. त्यावर पाऊल उमटायचं, म्हणून प्रत्येक गोलापाशी दांड्याला बांधलेलं गोणपाट असायचं. एकाचा खेळ झाला की गोणपाट ओढून अंगण सारखं करायचं, मग दुसऱ्यानं खेळायचं. बाकीच्या माळावरचं गवत कापायला यंत्र नव्हतं, विळा नव्हता. होती आमची मेंढरं. पावसाळा सरला की कळप वाटेवाटेनं फिरायचा आणि माघारी येईस्तोवर गवत मनगटावरच्या केसांइतकं बारीक करून ठेवायचा.

राहायचा प्रश्न तो कुंद्याचा. कुंदा म्हणजे राकट गवत, मेंढरू त्याला तोंड लावत नाही. त्यावर आज्यानं तोड काढली होती. झारीत मिठाचं पाणी करायचं, कुंद्याच्या बेटावर शिंपडायचं आणि वाळू द्यायचं. पात्यांवर पांढरट खर धरली की मेंढरं त्याच्यावर अशी तुटून पडायची की कुंदा मुळापासून बोडका. शिवाय खुरांनी जमीन चोपली जायची ती वेगळीच. मीठ क्लबाचं, झारी क्लबाची, मेंढरं आमची; त्याच्या बदल्यात वर्षभर चराई आमची. ही रीत आज्यापासून आबांपर्यंत कुणी लिहून घेतली नव्हती. साहेब गेले, देशी अधिकारी आले, तरी ती चालू राहिली. आमच्या कळपातलं कोकरूसुद्धा पांढरी खर दिसली की माळभर धावत सुटायचं.

आमचं घर माळाच्या खालच्या अंगाला, दगडमातीचं, वर पत्रा. सकाळी जाग यायची ती आईच्या भाकरी थापण्यानं आणि मागोमाग वरून येणाऱ्या 'टक्' अशा आवाजानं. चेंडूला काठी बसल्याचा तो आवाज मला आजही मधूनच ऐकू येतो, आणि अजूनही डोकं आपोआप खाली जातं. पत्र्यावर चेंडू आदळला की आई ओट्यावर येऊन मोठ्यानं म्हणायची, "आला गं बाई पाव्हणा!" चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटत असायचं. बाजरीची भाकरी, पाट्यावर वाटलेला खरडा, मेंढीच्या दुधाचा घट्ट, जरा उग्र चहा. दुपारी आई टकळीवर लोकर कातत बसायची आणि साहेब लोकांच्या चालण्याच्या नकला करायची. एक जण मारण्याआधी बदकासारखा पार्श्वभाग हलवायचा, त्याची नक्कल ती इतकी हुबेहूब करायची की आबांना हसू आवरत नसे. पण लगेच ते गंभीर व्हायचे. "हसू नगं. खेळ हाय त्यो. तुला काय कळतंय त्यातलं?" आबांना त्यातलं काय कळत होतं देव जाणे; पण आपण क्लबाचे अर्धे मालक आहोत असाच त्यांचा तोरा होता. बाजारात कुणी विचारलं की, "बिरूआबा, कुठं असता?" तर उत्तर ठरलेलं, "ग्राउंड बघतो."

चराई क्लबाची असली तरी पोट भरायचं ते शेतात मेंढरं बसवून. पीक निघालं की शेतकरी कळपाला बोलावतात. रानात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं तिथं मुक्कामाला ठेवायची. त्यांच्या लेंडीमुतानं जमीन अशी भाजते की पुढचं पीक डोळ्यांत भरतं. मोबदल्यात धान्य, भाजी, कडबा. आमच्या कळपाला सगळ्यात आधी बोलावणारा माणूस म्हणजे कन्हेरीचा बाबालाल बागवान. त्याची पाटाच्या पाण्यावरची वांगी, कोबी, मिरची बारामतीच्या बाजारात नावानं विकली जायची. तो आबांचा दोस्त आणि आईचं गिऱ्हाईक, म्हणजे थट्टेचं गिऱ्हाईक. "वयनी, तुमच्या मेंढरापरास माझा कोबी गुबगुबीत हाय," असं तो म्हणायचा. "मग त्यालाच कातरा की, घोंगडं व्हईल," असं आई म्हणायची.

मी मॅट्रिक होऊन बारामतीत एका छापखान्यात लागलो होतो. दिवसभर लग्नपत्रिका जुळवायच्या आणि संध्याकाळी आम्हा चार-सहा पोरांच्या मंडळाची पत्रकं. मला लिहायला तिथंच शिकवलं: वाक्य आखूड, शिवी नाही, प्रश्न मात्र असा की वाचणाऱ्याला झोप लागू नये. त्या उन्हाळ्यात क्लबाला नवे सेक्रेटरी आले होते. कालव्याच्या खात्यातलेच अधिकारी, तरुण, विलायतेची मासिकं वाचणारे. त्यांना काळी अंगणं म्हणजे मागासलेपण वाटायचं. पुण्याहून मोठी मंडळी खेळायला येणार होती, तोवर खळग्यांभोवती हिरवीगार हिरवळ करायची असं त्यांनी ठरवलं. कालव्यावर इंजिन बसलं, पाइप आले, आणि शेळगावच्या टेलाला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, पाळीचं पाणी पोचत नसताना माळावर फवारे उडू लागले. मी पत्रक लिहिलं: 'ऊस वाळतोय, चेंडू न्हातोय! पाणी कुणाचं?' ते बारामतीच्या मंडईपासून इंदापूरच्या स्टँडपर्यंत वाटलं गेलं. मी ते एका सपाट्यात लिहिलं होतं आणि अजूनही मला ते चांगलं वाटतं.

आबांनी ते दुसऱ्याकडून वाचून घेतलं आणि घरी आल्यावर भाकरीला हात लावला नाही.

"ज्याच्या माळावर चरायचं त्याच्याच अंगणात हगायचं, ह्ये शिकलास व्हय छापखान्यात?"

"माळ त्यांचा नाही आबा. गावाचं गायरान होतं ते. आज्यानं सांगितलंय."

"आज्यानं मीठबी खाल्लंय त्यांचं."

"मीठ मेंढरांनी खाल्लं."

आई माडगं ढवळत होती, ती म्हणाली, "बापल्योक दोघंबी हुशार. आता गिळा, निवतंय."

पत्रकानंतर सेक्रेटरींनी आबांशी बोलणं टाकलं. मेंढरं माळावरून हाकलली नाहीत, पण सलामाला उत्तर देईनात. आबांना पाण्याचं काही नव्हतं, त्यांना हे लागलं. काळी अंगणं उकरून टाकली गेली त्या दिवशी तर ते एखादं घर पाडताना बघावं तसे उभे होते. पुण्याहून आणलेले नवे माळी कुदळी चालवत होते. आबा एकाला म्हणाले, "आरं, माझ्या बापानं तेल वतलंय त्यात." त्या माळ्याला ते कळलं नाही; तो हसून म्हणाला, "आता विलायती गवत येणार, बाबा." नंतर आमची मेंढरं बाबालालच्या रानात बसायला गेली आणि आबांचाही मुक्काम तिकडंच पडला. मागं माळावर काय चाललं होतं ते आम्हाला कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

आबा कळप घेऊन माघारी आले त्या सकाळी मी घरी होतो. चहाची पितळी हातात होती. वरून आबांचा आवाज आला आणि मला नवल वाटलं, कारण त्या आवाजात आनंद होता. किती तरी दिवसांनी ते मोठ्यानं बोलत होते. "आगं, ये भाईर! बघ तरी! साहेब शिकला!" आई आणि मी ओट्यावर आलो. उकरलेल्या अंगणांच्या कडेनं जिथं जिथं कुंदा होता तिथं तिथं पांढरी खर धरली होती. पलीकडं झारी ठेवलेली. आबांना वाटलं, सेक्रेटरींनी रीत मानली. राग सोडला. आता बोलायचं नाही म्हणून मीठ शिंपडून निरोप दिला की बिरू, आण तुझी मेंढरं. आबांनी शीळ घातली. शिळेचीही गरज नव्हती. पुढची मेंढी केव्हाच धावली होती. सगळा कळप उतारावरून सांडल्यासारखा त्या पांढऱ्यावर गेला. आबा कमरेवर हात ठेवून बघत होते, धाकट्या भावाचं लग्न बघावं तसे.

मी हे लिहिताना थांबलोय. नातवाच्या हातातल्या फोनवर परवा कुठलं तरी परदेशातलं मैदान दिसलं, गालिच्यासारखं. तो म्हणाला, "आजोबा, कसलं क्लीन आहे ना?" मी त्याला म्हणालो, आधी तिथं काय काय मेलं ते विचार. तो फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेला. म्हातारं माणूस घरात असं नकोसं होतं. असो.

पहिल्यांदा एक मेंढी बाजूला झाली आणि दात खायला लागली. मग दुसरी पाठ वाकवून उभी राहिली. आबांना वाटलं कोवळं जास्त खाल्लं, पोट फुगलं असेल. पण पोट फुगलेलं नव्हतं. मेंढरं कालव्याकडं धावायला लागली, पाण्यावर तोंड टाकून उठेनातच, आणि उठली ती लडबडत. लेंडीच्या जागी पाणी, रक्ताळलेलं. आईनं घरातलं होतं नव्हतं ते ताक आणलं, मी चिंच कोळली, आबा एकेकीचं तोंड गुडघ्यात धरून नळीनं पाजत होते आणि प्रत्येकीला नावानं हाका मारत होते. दुपारपर्यंत निम्मा कळप माळावर आडवा झाला होता. विलायती गवतासाठी भुसभुशीत केलेल्या मातीत कोकरांचे पाय घासल्याच्या रेघा उमटल्या होत्या. जी वाचली ती कमी चाटलेली, मागं राहिलेली, म्हातारी आणि लंगडी.

मी क्लबाच्या इमारतीकडं धावलो, कुणाला तरी गळ्याला धरायला. तिथं गाड्या येतात त्या रस्त्याच्या तोंडाशी एक नवा फलक होता, इंग्रजीत. गवत मारायचं विषारी औषध टाकलं आहे, सभासदांनी आपली कुत्री मोकळी सोडू नयेत. एवढंच. कुत्री! आमच्या बाजूला, जिथून तीन पिढ्या कळप चढत होता, तिथं फलक नव्हता. असता तरी काय? आबांना मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं. गावात पुढं काही शहाणे म्हणाले की संपतनं, म्हणजे मी, पत्रक काढलं नसतं तर साहेब आबांशी बोलले असते आणि आबांना कळलं असतं. मी तेव्हा म्हणालो आणि आज म्हणतो: विष टाकणाऱ्यानं सांगायचं असतं. रुसवा असला तरी सांगायचं असतं. ज्यानं पाणी मागितलं त्याच्या डोक्यावर मेंढरांचं खापर फोडू नका.

उन्हं कलली तशी माणसं यायला लागली. सांत्वनाला नव्हे, हातात पातेली आणि सुऱ्या घेऊन. मेलेलं मेंढरू वाटून खायची आमच्याकडं रीत आहे, त्यात गैर काही नाही, मटण रोज कुणाच्या ताटात होतं? पण आई काठी घेऊन उभी राहिली. पदर खोचलेला, डोळे सुजलेले. "कुणी हात लावायचा न्हाय!" एक जण म्हणाला, "आगं मावशे, वाया जाणार. निदान कातडं तरी." आई म्हणाली, "तुझ्या पोरांला खायला घालतूस? जा, आधी तुझी चिता रचून ये." तो चिडून म्हणाला, "एकटीनंच खायचं दिसतंय," आणि आईनं त्याच्या पातेल्यावर अशी काठी हाणली की ते घरंगळत वाळूच्या सापळ्यात जाऊन पडलं. एरवी आम्ही हसलो असतो.

दुसऱ्या दिवशी माळावरच पंचनामा झाला. तलाठी आला, गुरांचे डॉक्टर आले, सेक्रेटरी खुर्ची टाकून बसले. गाव गोळा झालं. डॉक्टरांनी दोन-तीन मेंढ्यांचे डोळे उघडून पाहिले, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "साथीचा रोग दिसतो."

"रोग?" मी पुढं झालो. "सकाळी धावत आलेली मेंढरं दुपारी रोगानं मेली?"

सेक्रेटरी इंग्रजीत डॉक्टरांना काही बोलले. मग मला मराठीत, "हे पहा, आम्ही रीतसर बोर्ड लावला होता."

"रोगाला बोर्ड कशाला लागतो, साहेब?"

माणसं हसली. सेक्रेटरींचे कान लाल झाले. तेवढ्यात आबा उठले.  क्लबाची एक दुभती गाय होती, अधिकाऱ्यांच्या चहासाठी पाळलेली, इमारतीमागं बांधलेली. आबांनी तिचं दावं सोडलं, तिला हळूहळू ओढत सगळ्यांच्या मधून आणलं आणि दाव्याचं टोक सेक्रेटरींच्या पुढं धरलं.

"रोग हाय ना? मग चारा हिला तितं. त्या पांढऱ्यावर. तुमच्या हातानं चारा."

"काहीतरी बोलू नका, बिरू."

"काहीतरी न्हाय. चारा. ही जगली तर मी माफी मागतो. पाया पडून."

कुणी हललं नाही. गायीनं मान लांब केली, कारण तिलाही खारट वास येत असावा, आणि सेक्रेटरी खुर्चीवरून उठले आणि त्यांनी ओरडून माळ्याला गाय मागं न्यायला सांगितलं. सगळ्या गावानं ते पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं, ते बुटावरची माती झटकत होते. आणि तरीही तलाठ्यानं लिहिलं: रोग. मी शेजारी उभा होतो, त्याच्या टाकाचं टोक मला दिसत होतं. त्याला मी विचारलं, "डोळ्यांनी बघितलंस ना?" तो हळूच म्हणाला, "संपतराव, डोळ्यांचा पगार मिळत न्हाय." हे वाक्य मी पुढं बऱ्याच भाषणांत वापरलं. त्या दिवशी मला त्याला मारावंसं वाटलं होतं.

मेंढरं खोल पुरली. दवंडी फिरली: बिरूच्या कळपाला साथ आहे, आपापली जनावरं जपा. क्लबानं तारेचं कुंपण घातलं. पण खरी फाशी कुंपणानं बसली नाही, दवंडीनं बसली. रोगट कळप कोण रानात बसवणार? कन्हेरीतून निरोप यायचे बंद झाले. दुसरे धनगर आम्हाला पाहून आपली मेंढरं वळवून न्यायचे. पाणवठ्यावर आमचा कळप आला की बाया घागरी उचलायच्या. उरलेली मेंढरं आम्ही पलीकडच्या खडकाळ टेकाडावर नेली. तिथं बोराट्या आणि दगडांशिवाय काही नव्हतं. आई बाजारात लोकर घेऊन गेली तर वजनकाट्यावरच्या माणसानं ती हातात घेतली नाही, काठीनं परत ढकलली. आबांचं नाव बिरूआबा होतं ते साथीवाला बिरू झालं, आणि ग्राउंड बघणारा माणूस तोंड लपवून बोराट्यांत बसायला लागला.

मला हे सहन होईना. मी छापखान्यात बसून पत्रक लिहिलं. आयुष्यात असं नेमकं मी पुन्हा लिहिलं नाही. मथळा: 'रोग नव्हे, विष!' खाली सगळी हकिगत: मीठपाण्याची रीत, पांढरी खर, कुत्र्यांचा फलक, गाय. शेवटी प्रश्न: 'ज्या गवतावर साहेबाची गाय चरत नाही, त्यावर मेलेल्या मेंढराला रोगी म्हणणारा कोण?' छापखान्याच्या मालकानं कागद फुकट दिला, तोही इरेला पेटला होता. आम्ही सायकलींवरून ते गावोगाव नेलं, कन्हेरीपासून शेळगावपर्यंत. चावडीवर उभं राहून मोठ्यानं वाचलं. माणसं ऐकायची. मान डोलवायची. हळूहळू बोलणं फिरायला लागलं. एक म्हातारा मला म्हणाला, "गायीचं मीबी बघितलं व्हतं, पर म्हटलं आपून कशाला बोला."

आणि मग बाबालाल आला. टेकाड चढून, धापा टाकत, टोपलीत वांगी घेऊन. मीही त्या दिवशी वर होतो. त्यानं टोपली आईपुढं ठेवली, खिशातून माझं पत्रक काढलं, घामानं भिजलेलं, आणि आबांच्या शेजारी दगडावर बसला.

"बिरूआबा, माझी चूक झाली. दवंडी ऐकली आन् गप बसलो. आता समद्यांनी वाचलंय. मिरची निघालीया. रान मोकळं हाय. कळप आण."

मी उठून उभाच राहिलो. हेच तर हवं होतं. एका शेतकऱ्यानं बोलावलं की दुसरा बोलावतो. आईनं पदर तोंडाला लावला. आबा मात्र मेंढरांकडं बघत होते. 

"काय लावनार हायेस रानात?"

"कोबी. आन् मेथी मधल्या वाफ्यात."

"मंग न्हाय जमत."

बाबालाल हसला. "आता रुसतूस व्हय? आलोय की माघारी."

"रुसत न्हाय. ह्या चाटल्यात की रं थोडं थोडं. मेल्या न्हायत एवढंच. ह्यांच्या पोटातनं काय भाईर पडतंय मला काय ठावं?"

मी मधे पडलो. "आबा, आता किती दिवस झाले. गेलं असेल ते."

"असंल. तुला ठावं हाय?"

मला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. डॉक्टरांना विचारावं तर त्यांनी रोग लिहिला होता. रोग लिहिणाऱ्याला विषाचं कसं विचारणार?

"रोग असता तर मी आलो असतो, बाबालाल," आबा म्हणाले. "रोग मेंढराचा मेंढराला. पर ह्यानंच लिवलंय ना, इख हाय म्हणून? खरं लिवलंय. मंग इखाची लेंडी तुझ्या मेथीत घालू? त्या बाजारात पोरंसोरं खात्यात."

बाबालालनं पत्रक घडी घालून पुन्हा खिशात ठेवलं.  आईनं त्याला माडगं दिलं, त्यानं ते उभ्याउभ्या प्यायलं, आणि जाताना एका लंगड्या मेंढीच्या कपाळावर हात ठेवून गेला.

लेंडीखत म्हणजे आमच्याकडं सोनं. टेकाडावर वाघरीत रोज ते साचायचं आणि खाली काळ्या रानांतले शेतकरी ते बघायचे. आबांनी ते वाऱ्यापावसानं खाली जाऊ नये म्हणून खडकाच्या खोबणीत ते पुरायला खड्डा घ्यायला सुरुवात केली होती, हे मला त्या दिवशी कळलं. बाबालाल दिसेनासा झाल्यावर ते उठले आणि पहार घेऊन तिकडं गेले. मीही गेलो. माझ्या शर्टाच्या खिशात पत्रकं होती, वाकलं की टोचायची, म्हणून काढून दगडाखाली ठेवली. आबांनी खराट्यानं लेंड्या एका जागी ओढल्या, एकही मागं राहू नये असं बोटांनी वेचून घेतलं, आणि पहार माझ्या हातात दिली.

"खोल घे," ते म्हणाले. "पाणी लागायच्या आत थांब."